वेंधळ्या बापांचा उन्हाळा

एप्रिल उतरणीला लागला की मुलुंड पूर्वेच्या आमच्या जुन्या रस्त्यावर सोनमोहराच्या पाकळ्यांचा पिवळा सडा पडतो. येणारे-जाणारे थांबून फोटो काढतात. मला त्या सड्याबरोबर करपलेल्या रबराचा वास येतो. कुकरच्या रिंगचा. आसपास कुणाचाही कुकर करपलेला नसतो हे मला पक्कं ठाऊक असतं, तरी मी ओढणी नाकाशी धरते आणि भराभर पाय उचलते. यंदाही धरली. आई-बाबा अजून त्याच इमारतीत राहतात, दुसऱ्या मजल्यावर, आणि यंदा उन्हाळाभर मी दर रविवारी तिकडे जात होते, कारण आईची परीक्षा होती. हो, आईचीच. एकाहत्तर वर्षांची आहे ती. दूरशिक्षणातून बी. ए. करत होती, मराठी विषय, शेवटचं वर्ष.

आणि नेमके याच उन्हाळ्यात माझ्या टेबलावर तीन बाप येऊन पडले.

मी अंधेरीच्या एका स्टुडिओसाठी कार्टूनचे संवाद मराठीत लिहिते. मूळ पात्राचं तोंड जेवढा वेळ उघडं असेल तेवढ्यात बसणारं वाक्य शोधायचं, हे माझं काम. मे महिन्यात पोरं घरी असतात म्हणून चॅनलवाल्यांना सगळं त्याआधी तयार हवं असतं, त्यामुळे मार्चपासून आमची नुसती पळापळ. यंदा तीन मालिका एकदम आल्या, तिन्ही कौटुंबिक. प्रत्येकीत एक आई, दोन-तीन मुलं, एखादं कुत्रं नाहीतर मांजर, आणि एक वेंधळा बाप.

पहिला परदेशी. त्याचं गालिच्यांचं दुकान आहे आणि पोट शर्टाच्या बटणांमधून डोकावतं. तो बायकोचा वाढदिवस विसरतो, मुलीला शाळेत विसरतो, एकदा तर दुकानातच गालिच्यात गुंडाळून झोपतो आणि गिऱ्हाईक त्याला विकत घेऊन जातं. दुसरा पाणघोडा. ही मालिका अगदी लहान मुलांची. हा नकाशा उलटा धरतो, तंबू स्वतःच्याच अंगावर पाडतो, शिडीवरून चिखलात पडतो, आणि मग सगळं कुटुंब चिखलात लोळून हसतं. तिसरा आपल्याकडचा, हिंदीत बनलेला. टॉवरमध्ये राहतो, मिशी आहे, ऑफिसात मॅनेजर आहे. मुलाचा शाळेचा डबा रिक्षात विसरणं, दूध उतू घालवणं, पांढऱ्या कपड्यांत लाल मोजा टाकून सगळं गुलाबी करणं, हे त्याचे पराक्रम.

तिघांची तुलना करायला मला कुणी पैसे देत नव्हतं. पण दिवसभर त्यांच्या तोंडात शब्द घालत बसलं की आपोआप होतेच. पाणघोडा मला त्यातल्या त्यात बरा वाटायचा. निदान चिखल त्याच्या स्वतःच्या अंगावर उडतो, दुसऱ्याला धुवायला लागत नाही. गालिचेवाला प्रत्येक भागाच्या शेवटी सॉरी म्हणतो आणि फुलं आणतो; मग फुलदाणी बायको शोधते, पाणी बायको भरते, आणि त्याला जवळही तीच घेते. आपला मिशीवाला सॉरीसुद्धा म्हणत नाही. बायको कपाळावर हात मारून म्हणते की तुमच्याच्याने एक काम धड होणार नाही, आणि तो खुशीत मान डोलावतो. तिथून पुढे ते काम जन्मभर तिचं. पठ्ठ्याला असं काही सर्टिफिकेट मिळतं की वा.

आणि एक गोष्ट तिघांत सारखी. आपल्या मतलबाचं त्यातला एकही काही विसरत नाही. गालिचेवाला रविवारचा गळ टाकायला जाणं कधी विसरला नाही, त्याची काठी, त्याची टोपी, त्याची पेटी सगळं जागच्या जागी. पाणघोड्याला केक कुठल्या फडताळात लपवलाय ते अंधारातही सापडतं. मिशीवाला क्रिकेटची मॅच किती वाजता आहे ते झोपेतही सांगेल. एवढं नीट निवडून विसरणाऱ्याला आपल्या भाषेत वेंधळा म्हणत नाहीत. वेड पांघरून पेडगावला जाणं म्हणतात.

आमची डबिंग डायरेक्टर पूर्वा तिशीची, हुशार पोरगी आहे. मी तिला एकदा सहज विचारलं की यार, एवढ्या मालिका आपण केल्या, वेंधळी आई कुठेच कशी नाही. पूर्वाने हेडफोन कानावरून सरकवला, विचार केला आणि म्हणाली, "बाबा दूध विसरला की लोकांना बाबा दिसतो, ताई. आई दूध विसरली तर लोकांना उपाशी पोर दिसतं. कोण हसणार?" आणि परत हेडफोन लावून कामाला लागली.

तिन्ही बापांना आवाज एकाच माणसाचा, दिनेशचा. फार गुणी कलाकार, एकाच घशातून तीन वेगळी पोटं ऐकू येतात. मिशीवाल्याच्या एका भागात तो मुलीच्या नृत्याच्या कार्यक्रमाला जायचं विसरतो. मुलगी स्टेजवरून त्याला शोधत असते, हा घरी भजी खात असतो. ती रडत घरी येते तेव्हा त्याचं वाक्य आहे, 'अरेच्चा, विसरलोच की.' दिनेशने बूथच्या काचेआडून विचारलं की हे लाज वाटून म्हणू की न वाटता. पूर्वा लगेच म्हणाली, "लाज नको रे. लाज आली की जोक मेला."

त्या मालिकेत हशा वेगळा येतो, म्हणजे लोकांच्या हसण्याचा आवाज शेवटी वरून घालतात. आम्ही काम करतो तेव्हा तो नसतो. तसा तो भाग एकदा बघावा माणसाने. एक माणूस बशीतलं शेवटचं भजं तोंडात टाकतोय. दारात एक पोरगी पायात चाळ घालून उभी आहे. तो म्हणतो विसरलोच की, आणि त्यानंतर काहीही ऐकू येत नाही, नुसता स्टुडिओचा एसी. मी पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर आले आणि जिन्यात उभी राहिले. तिथेसुद्धा मला रबराचा वास आला.

तो वास सातवीच्या सुट्टीतला आहे. माझी परीक्षा संपली होती, आईची व्हायची होती. आई एका सरकारी कचेरीत क्लार्क होती आणि हेडक्लार्क होण्यासाठी खात्याची परीक्षा द्यावी लागायची. वयाच्या अटीमुळे तिची ही शेवटची संधी होती. घरात सगळ्यांना ते माहीत होतं. मलाही, कारण आई भाजी निवडता निवडता नियम पाठ करायची आणि पुस्तक माझ्या मांडीवर असायचं. मी कलम विचारायचे, ती गवारीच्या शिरा काढत उत्तर द्यायची. चुकली की जीभ चावायची आणि पुन्हा पहिल्यापासून म्हणायची. अशी मजा मला माझ्या कुठल्याच अभ्यासात आली नाही. दुपारी गॅलरीत ओला पंचा टांगून त्याआड आम्ही बसायचो, मध्ये कैरीच्या तिखटमीठ लावलेल्या फोडी. आई हेडक्लार्क झाली की तिला खिडकीजवळचं टेबल मिळणार, असं तिने मला सांगितलं होतं. मला ते फार मोठं वाटायचं. आताही वाटतं.

परीक्षा रविवारी होती, फोर्टात. आई पहाटे उठली. पोळ्या केल्या, बटाट्याची भाजी केली, कुकरच्या एका डब्यात तांदूळ आणि दुसऱ्यात डाळ धुऊन, पाणी घालून, झाकून ठेवली. बाबांनी एवढंच करायचं होतं: अकरा वाजता कुकरच्या तळाला दोन भांडी पाणी घालायचं, डबे आत ठेवायचे, गॅस पेटवायचा. आईने जाताना ते पुन्हा सांगितलं. बाबा पेपरमागून 'हो गं' म्हणाले. परीक्षेला निघालेल्याच्या हातावर दहीसाखर ठेवायची आमच्याकडे रीत आहे. माझ्या हातावर आई दर वर्षी ठेवायची. त्या दिवशी तिच्या हातावर ठेवायचं कुणाच्या मनातही आलं नाही. तिने स्वतःच चमच्याने स्वतःच्या तळव्यावर दही घेतलं, खाल्लं, हात धुतला आणि निघाली.

बाबांना अकरापर्यंत दम निघाला नाही. भूक लागली म्हणून आई गेल्या गेल्याच त्यांनी कुकर लावला, आणि तळाला पाणी घातलंच नाही. मी न्हाणीघरात होते. आधी वास आला, मग मोठा फट्ट आवाज. मी ओल्या केसांनी बाहेर आले तर स्वयंपाकघरात धूर आणि गॅस तसाच चालू. मी बंद केला. बाबा गॅलरीत उभे राहून शेजारच्या सावंतकाकूंना हाका मारत होते, की आमच्या हिला थांबवा हो, आग लागली. आगबीग काही नव्हती. पण काकू बिचाऱ्या चपला न घालता बस स्टॉपवर धावल्या. बस अजून यायची होती. आई परत आली.

ती आली तेव्हा धूर विरलेला होता. करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. ती तशीच मागे फिरली असती तर पुढच्या बसने वेळेवर पोचली असती. पण बाबा कॉटवर बसले होते, छातीवर हात ठेवून. "मला घाबरल्यासारखं होतंय गं. तू नको जाऊस," असं म्हणाले. आईने घड्याळाकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं, परत घड्याळाकडे पाहिलं. मग पर्स खिळ्याला अडकवली. थोड्या वेळाने बाबांनी चहा मागितला आणि पेपर पुन्हा उघडला. आई मोरीत बसून कुकर घासत होती. बस स्टॉपवरच्या झाडाची एक पिवळी पाकळी तिच्या केसांत अडकली होती, आणि ती घासत होती तशी पाकळी हलत होती.

एवढं झालं आणि त्याचा किस्सा झाला. आमच्या घराण्याचा सगळ्यात लाडका किस्सा. मुंज असो, बारसं असो, गणपतीत सगळे जमलेले असोत, जेवणं आटोपली की काका हमखास विचारणार, "काय रे, पाणी घातलंस का?" आणि पंगत खो-खो हसणार. मग बाबा स्वतःच सगळं रंगवून सांगणार. तो फट्ट आवाज ते तोंडाने फार झकास काढतात. दर वर्षी धूर वाढत गेला, काकू जास्त जोरात धावू लागल्या, आणि परीक्षा हळूहळू किश्श्यातून गळून गेली. आता आमच्या नव्या सुनांना वाटतं की आई भाजी आणायला गेली होती. आणि आई? ती शेवटचं वाक्य टाकायची. "यांच्यावर घर सोपवलं की झालंच," असं म्हणून तीही हसायची. तिच्याशिवाय किस्सा पुरा व्हायचा नाही.

खात्याने तिला नंतर परीक्षेला बसू दिलं नाही. ती क्लार्क म्हणूनच निवृत्त झाली, दाराजवळच्या टेबलावरून.

बरं, बाबा वाईट माणूस आहेत का? मुळीच नाहीत. कधी आवाज चढवला नाही, हात उगारला नाही, दारूला शिवले नाहीत, पगार आणून आईच्या हातात दिला. मला पुस्तकं आणायचे, सायकल शिकवली. इमारतीत कुणालाही विचारा, देवमाणूस म्हणून सांगतील. वाईट असते तर बरं झालं असतं. रागवता तरी आलं असतं. राग ही त्यामानाने स्वच्छ गोष्ट आहे. मला बाबांचा राग येत नाही, किळस येते. आपल्या बापाबद्दल असं लिहू नये, कळतं मला. पण टॉवेल कुठे आहे, साखर कुठे आहे, आपला चष्मा कुठे आहे हे विचारताना त्यांच्या चेहऱ्यावर जे लाडीक हसू येतं ना, ते पाहिलं की माझ्या अंगावर पाल चढल्यासारखं होतं.

त्याला कारण आहे. बाबा एका औषध कंपनीच्या लॅबमध्ये होते. माल बाहेर पडण्याआधी तपासायचं काम. काचेच्या उभ्या नळीतून एक-एक थेंब सोडायचा आणि रंग बदलला त्या थेंबाला थांबायचं. मी लहानपणी नुसतं ऐकलं होतं, 'बाबा कंपनीत तपासतात'. त्यांच्या निवृत्तीच्या समारंभाला आम्ही सगळे गेलो. हिरवळीवर खुर्च्या, समोसे, कागदी कपात चहा. त्यांचे साहेब उठले आणि म्हणाले की या माणसाच्या हातून इतक्या वर्षांत पाण्याचा एक थेंब इकडचा तिकडे झाला नाही, की एक वेळ चुकली नाही. टाळ्या. एक तरुण केमिस्ट रडवेला होऊन सांगत होता की सर प्रत्येक बाटली स्वतः धुऊन जागेवर ठेवायचे, डोळे झाकून सापडायची. पुन्हा टाळ्या. माझ्या हातात समोसा होता. तो मी परत बशीत ठेवला. ज्या माणसाच्या हातून थेंब चुकला नाही, त्याच्या हातून दोन भांडी पाणी राहिलं, आणि तेही नेमकं त्याच रविवारी.

आई शेजारी बसून अभिमानाने डोळे पुसत होती. घरी जाताना रिक्षात मी तिला म्हटलंच, की आई, ऐकलंस ना, बाटल्या जागेवर ठेवायचे म्हणे. तिने मला वेड्यात काढलं. कंपनीतलं वेगळं गं, तिथे डोकं चालतं त्यांचं, घरात आले की गळून जातात, स्वभावच भोळा, असं म्हणाली. तिला ते खरंच वाटत होतं. बाबांना येत नाही, या एका गोष्टीवर तिने अख्खा संसार उभा केला होता. ती वीट मी काढणार नव्हते, कोण काढणार. फक्त माझं लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या नवऱ्याला मी एकदा घरी बोलावून कुकर लावायला सांगितला. तो हसला, पण लावला. पाणी घातलं की नाही, ते मी झाकण उघडून पाहिलं.

तर असा हा यंदाचा उन्हाळा. आठवडाभर अंधेरीत तीन बापांना शब्द पुरवायचे आणि रविवारी मुलुंडला जाऊन चौथा बघायचा. आई जेवणाच्या टेबलावर पुस्तकं पसरून बसलेली असायची, खांद्यावर ओला नॅपकिन, शेजारी पन्ह्याचा ग्लास. तिचं अक्षर आता थरथरतं, म्हणून ती रोज एक पान लिहायचा सराव करायची. मी प्रश्न विचारायचे, ती उत्तर द्यायची, चुकली की अजून तशीच जीभ चावायची. मध्येच आतून हाक यायची. अगं, माझी ती निळी गोळी? अगं, पंख्याचं बटण कुठलं? ज्या घरात चाळीसहून जास्त वर्षं राहिले त्या घरातलं पंख्याचं बटण. आई उठायची. परत येऊन बसली की कुठपर्यंत आलो होतो ते तिला आठवायचं नाही. एका रविवारी ती म्हणाली, "पास नाही झाले तरी चालेल गं. पण या वेळी सगळे पेपर द्यायचेत मला. मधून उठायचं नाहीये." मी तिला म्हटलं, नाही उठायचं.

शेवटचा पेपर मे महिन्यात रविवारी होता, घाटकोपरच्या एका कॉलेजात. मी सकाळीच पोचले. दही मीच लावून नेलं होतं. आईच्या तळव्यावर दहीसाखर ठेवली तर ती आधी हसली आणि मग नुसतीच तळव्याकडे बघत राहिली. तेवढ्यात बाबा आले आणि म्हणाले, मी काय खाऊ. आई म्हणाली की अभ्यासामुळे आज काही केलेलं नाही, बाहेरून मागवा. त्या मोबाइलवर मागवायचं आपल्याला जमत नाही, असं बाबा म्हणाले. त्याच मोबाइलवर ते रोज सकाळी शेअरचे भाव बघतात. आईचा पाय घुटमळला. मी तिची पर्स उचलली आणि जिना उतरायला लागले. तिला मागोमाग यावं लागलं.

परीक्षेत मोबाइल बंद ठेवायचा असतो, म्हणून तिचा माझ्याकडे होता. मी कॉलेजच्या आवारात गुलमोहराखालच्या बाकावर बसले. आजूबाजूला विशीतली पोरं आणि त्यांच्यात नऊवारीतल्या दोन बायका, त्याही परीक्षेलाच आलेल्या. पेपर सुरू होऊन तासही झाला नसेल, आईचा मोबाइल वाजला. बाबा. मी कापला. मग माझा वाजला. मीही कापला. पुन्हा आईचा. काय असेल हे मला माहीत होतं, छातीवर हात ठेवून कॉटवर बसलेले बाबा मला इथून दिसत होते. आणि तरी मी उठून उभी राहिले. खरंच काही झालं असेल तर? शेवटी मी नवऱ्याला फोन करून त्यांना विचारायला सांगितलं. त्याचा निरोप आला, ठणठणीत आहेत, साखर कुठे आहे विचारतायत. मी दोन्ही मोबाइल बंद केले. लग्नसराईचे दिवस, मे महिना, आमची अर्धी इमारत कोकणात गेलेली. सावंतकाकूही देवरुखला. बाबांना गॅलरीतून हाक मारायलासुद्धा कुणी नव्हतं.

आई बाहेर आली ती गालाला शाई लावून. सगळे प्रश्न सोडवले म्हणाली. पुरवणी घेतली, हे तिने मला रिक्षात दोनदा सांगितलं. मुलुंड आलं तशी ती रिक्षातून डोकं बाहेर काढून इमारतीकडे बघायला लागली. जिन्यात तर ती नाकाने हुंगायलाच लागली. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की तो वास एकट्या माझ्या नाकात बसलेला नाही. पण जिन्यात रबराचा वास नव्हता. फोडणीचा होता. जिरं, हिंग, तुपातली.

दार उघडलं. टेबलावरची पुस्तकं बाजूला रचलेली होती आणि ताटं मांडलेली होती. वरण, भात, लिंबाची फोड, कैरीचं ताजं लोणचं. भात म्हणजे कसा, एकेक शीत सुटं. वरणाला रंग, वर तूप. ओटा पुसलेला. कुकर घासून पालथा घातलेला. बाबा नॅपकिनला हात पुसत बाहेर आले, निवृत्तीच्या समारंभात दिसत होते तसेच दिसत होते. कसं काय केलंत, असं मी विचारलं. "त्यात काय," ते म्हणाले, "भाताला एकास दोन, डाळीला एकास तीन. प्रमाण आहे ते. त्यात अवघड काय आहे?"

आई हात धुऊन बसली. तिने वरणभात कालवला आणि एक घास खाल्ला. बाबा तिच्याकडे बघत होते. मग ते माझ्याकडे वळून, डोळे मिचकावून म्हणाले, "आणि तळाला पाणी घातलंय बरं का या वेळी." आणि आईच्या हसण्यासाठी थांबले. ती जागा तिचीच होती. तिचं वाक्य आलं की किस्सा पुरा व्हायचा होता.

आईने घास गिळला.

"म्हणजे येत होतं तुम्हाला," ती म्हणाली.

तिने विचारलं नव्हतं. बाबांचं हसू तोंडावर तसंच होतं, त्याचं काय करावं हे त्यांना कळेना. पंखा फिरत होता. खाली रस्त्यावर कुणीतरी सोनमोहराचा सडा खराट्याने झाडत होतं, त्याचा आवाज वर येत होता. आईने ताट सारलं नाही, घासही टाकला नाही. मान खाली घालून ती सावकाश सगळं जेवली, मागून भात घेतला, तोही संपवला. तिला भूक लागली होती. पूर्ण पेपर लिहून आली होती ती.

बाबा अजून उभेच होते. बसा म्हणून त्यांना कुणी म्हटलं नाही.